चटका न बसणारी सून

डोळखांबकडच्या त्या पाड्यावर बाईजा आपल्या सुनेचं कौतुक सांगताना थकत नसे. "आमच्या गुणाला फडकं लागत नाय गो. चुलीवरला तापलेला टोप नुसत्या हातानं उतरवते!"

मग शहापूरहून बैलगाडीतून महारोग तपासणारा डॉक्टर आला. गेल्या साली तो येऊन गेला, तेव्हा रोग निघालेल्या हौसाला गावाबाहेर खोपट बांधून दिलं होतं.

"हा रोग आधी नसांत शिरतो," डॉक्टर अंगणात बसून सांगत होता. "हात दिसतो धडधाकट, पण त्याला काय लागलं ते मेंदूला कळतच नाही."

गुणाने हात पदराखाली घेतले. बाईजा उठली आणि डॉक्टरच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"डोळे मीट, बाई. हाताला कापूस लागला की सांग."

गुणाने डोळे मिटले. हाताला काही कळेना.

"हुश्!" सासू अंगणात वाळत घातलेल्या नागलीवरच्या कोंबड्यांवर ओरडली. गुणा गप्पच.

"हुश्! कान फुटले काय गो तुझे?"

हे कोंबडीला नव्हतं. गुणा चटकन म्हणाली, "लागला!"

मग जेव्हा जेव्हा सासू कोंबड्या हाकलायची, तेव्हा तेव्हा सुनेला कापूस लागायचा.

"हात उत्तम आहे हिचा," डॉक्टर खूश होऊन म्हणाला. "आता तुम्ही बसा, आजी."

बाईजाने पदर सावरला, हात पुढे केला आणि डोळे मिटता मिटता म्हणाली, "गुणा, आता कोंबड्यांकडं तू बघ गो."