तीन दिवसांचं प्रदर्शन

तिसरा बॅनर लावून झाला तेव्हा स्मिताच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. सकाळपासून ती उभीच होती.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा हॉल तोच, खुर्च्या त्याच, मुलंही तीच. सकाळी ‘खाडीकाठची गावं’ हे प्रदर्शन झालं, मग संविधानावरचं, आणि आता वाचनाची गोडी. पुढच्या आठवड्यात तपासणीची समिती येणार होती, त्यामुळे वर्षभर राहून गेलेलं सगळं या आठवड्यात उरकायचं होतं. उरकायचं म्हणजे बॅनर, रिबीन, पाहुणे आणि खाली जागा-वेळ छापून येणारा फोटो. फोटो आला की बॅनर उतरवायचा. ग्रंथपाल म्हणून लागली तेव्हा स्मिताला वाटलं होतं, आपल्याला पुस्तकांचं काम असेल. असो.

“मागचे पुढे या, पुढचे मागे जा. तेच चेहरे नको दिसायला,” शिपाई सुभाष मुलांना हाकत होता. त्याचाही आवाज बसला होता.

तेवढ्यात स्मिताला दारात गोजराबाई दिसल्या.

करावे गावात जाऊन गोजराबाईंकडून जाळं तिनेच मागून आणलं होतं. त्यांच्या नवऱ्याचं, जोमाबाबांचं, खाडीत फेकायचं जाळं. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते खुंटीला टांगलेलं होतं, आणि बाबा उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. “तीन दिवस आहे प्रदर्शन, कधीही या,” असं स्मिता सांगून आली होती. पत्रिकेवर तसंच छापलं होतं, आणि सांगताना तिला ते खरंही वाटलं होतं. जाळं भिंतीवर राहिलं जेमतेम तासभर.

“मॅडम, ह्यांना आनलंय,” गोजराबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे, रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात टाकून, जोमाबाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. “सकाळी आपनहून म्हनले, मना जायाचाय. दोन वर्सात कुठं जायाचं नाव काढलं नव्हतं.”

बाबा आत वाकून बघत होते. आत पुस्तकांची चित्रं काढलेला बॅनर आणि हसायला सांगितलेली मुलं.

खरं सांगून टाकावं, असं स्मिताला क्षणभर वाटलं. पण तेल लावलेल्या त्या डोक्याकडे बघून तिची जीभच रेटेना.

“हॉल लागणार होता ना, म्हणून तुमचं दुसरीकडे हलवतोय,” ती म्हणाली. “तुम्ही बसा, चहा घ्या. दहा मिनिटं.”

तिने सुभाषला कोपऱ्यात ओढलं. “जाळं कुठंय?”

“गोडाऊनला. पोत्यात. का?”

गोडाऊनमध्ये रद्दीच्या मागून पोतं ओढून काढताना तिच्या साडीला भोक पडलं. सुभाष कुरकुरत टेबलावर चढला. मासिकांच्या विभागात, बंद पडलेल्या संगणकांच्या वरच्या भिंतीवर त्यांनी जाळं पसरून टांगलं. खाली नावाची पट्टी चिकटवली: जोमा कोळी, करावे. पट्टी थोडी चुरगळली होती. स्मिताने ती हाताने दाबून सपाट केली. स्वतःचीच लाज वाटत होती तिला.

बाबांना खुर्ची दिली. ते बसले आणि बघत राहिले. असलं जाळं फेकताना त्याची एक कड दातात धरतात. बाबांचा जबडा हलला, घट्ट मिटला, आणि चांगला हात मांडीवरून जरासा उचलला गेला.

“नाव लिवलंय तुमचं,” गोजराबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. गोजराबाईंनी पदराने ते पुसले आणि मग स्वतःचेही पुसून घेतले.

बरं झालं, स्मिताला वाटलं. निभावलं. आता हे गेले की घरी जाऊन पाय गरम पाण्यात टाकायचे.

बाबांनी तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. शब्द तोंडात अडकत होते.

“उद्या हाय ना, विचारतायत,” गोजराबाई म्हणाल्या. “सगळ्या आळीला सांगून बसलेत. होडीवाले, मिठागरावरचे, सगळेच. टेम्पो केलाय त्यांनी. म्हातारे सुदिक येनार हायेत. आमचं कोन मांडतंय एवढं, म्हनून.”

सुभाषने स्मिताकडे पाहिलं. हॉलमध्ये कुणीतरी मुलांना टाळ्या वाजवायला सांगत होतं, टाळ्या वाजत होत्या.

“आहे,” स्मिता म्हणाली. “उद्या आहे, परवापण आहे.”

रिक्षा फाटकाबाहेर जाईपर्यंत ती पायरीवर उभी राहिली. मग आत आली, पर्स उचलायला म्हणून टेबलापर्यंत गेली, आणि पर्स तिथेच ठेवून पदर कमरेला खोचला.

“सुभाष, खाडीकाठचे सगळे बोर्ड गोडाऊनमधून बाहेर काढा. होडी, मिठागर, सगळं.”

“आता? मॅडम, त्याचे फोटो झाले ना सकाळी.”

“हो,” स्मिता म्हणाली. “फोटो झाले. आता प्रदर्शन करू या.”