लोटलेलं दार

“ताई, तुरुंगातून सुटलेला तुमचा सुतार आलाच नाही. दहापर्यंत बघतो, नाहीतर दुसरा घेतो.” मुकादमाने फोन ठेवला.

नोकरी अनघानेच मिळवून दिली होती. ही गेली तर दुसरी कोण देणार? बसले असतील गुत्त्यावर, रिक्षात वाटभर तिच्या मनात हेच.

सोपानराव कारखान्याच्या दाराशीच उभे होते, डबा छातीशी धरून.

“आत का नाही गेलात?”

“बाकीचे गेले. माझ्यासाठी कोणी उघडलंच नाही.”

दार नुसतं लोटलेलं होतं. पण तुरुंगात दार उघडायचं ते शिपायानेच.

अनघाचा हात पुढे झाला आणि मागे आला. “तुम्हीच ढकला.”

“मी?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तळवा टेकवला. दार उघडलं.

“लावून घ्या, भुसा उडतोय!” आतून मुकादम ओरडला.

दार लागलं. लगेच फटीएवढं पुन्हा उघडलं.

“उघडतंय, ताई.”