सुफियानच्या पेशी

चौक गावाजवळ हायवेवर ट्रकच्या धडकेत सुफियान गेला, त्याला आठवडा होत आला होता. त्याची आई झिनत ताटापुढं बसायची आणि न जेवताच उठायची. नर्सिंग शिकणारी तिची लेक सदफ त्यानंतर आज पहिल्यांदा कर्जतला कॉलेजात गेली होती. दुपारी घरी आली, तेव्हाही अम्मीपुढचं ताट तसंच होतं. ती शेजारी बसली. "अम्मी, आज मॅडमनी पेशी शिकवल्या. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. कितीतरी आयांच्या अंगात त्या पुढं वर्षानुवर्षं जिवंत राहतात." झिनतनं मान वर केली. "माझ्यात हायत? सुफियानच्या?" मॅडम सगळ्या आयांबद्दल बोलल्या नव्हत्या, आणि तपासल्याशिवाय सांगता येत नाही हे सदफला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "हायत." "मी जेवले तर त्यांना पोचतं?" "पोचतं. रक्तातून पोचतं." झिनतनं भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता ती रडायला लागली, पण घास तिनं गिळला. मग लेकीकडे बघत राहिली. "आन् तुझ्या?" भाऊ गेल्यापासून घरात येणाऱ्या प्रत्येकानं 'अम्मीला सांभाळ' एवढंच सदफला सांगितलं होतं, तिचं कुणी काही विचारलं नव्हतं. "माझ्यापन असतील," म्हणताना तिचा आवाज फुटला आणि इतके दिवस अडलेलं रडू बाहेर पडलं. "सकाळपासनं तूपन जेवली नायस गं," झिनत म्हणाली, आणि ताट तिनं दोघींच्या मध्ये ओढलं.