अकरावा मुद्दा

मोहिनीबाईंनी उजवा पाय होडीत टाकला आणि होडी हातभर मागे सरकली. एक पाय घाटाच्या पायरीवर, दुसरा पाण्यावरच्या फळीवर, अशा त्या क्षणभर ताणल्या गेल्या. बहिरू कोळ्याने होडीची कड धरून ओढली, तेव्हा कुठे त्या पुन्हा पायरीवर आल्या.

"राहू दे, आई," वरच्या पायरीवरून अमोल म्हणाला.

त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

डिसेंबरात आई अंटार्क्टिकाला निघणार होती. हिमनग, पेंग्विन आणि देवमासे दाखवत फिरणारं जहाज, सोबत पुण्याचा एक गट. एकतीस वर्षं चांदवडच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आईला आता हे सुचलं, तेव्हा अमोल हसला होता. तिकीट आलं तेव्हा त्याचं हसू थांबलं. मग जहाजाकडून तब्येतीचा फॉर्म आला. दहा मुद्द्यांपुढे तिने सरळ बरोबरच्या खुणा केल्या आणि अकराव्यावर पेन थांबवलं. 'खलाशाने फक्त हाताला धरल्यास प्रवासी डुलणाऱ्या लहान बोटीत स्वतःच्या पायांनी चढू-उतरू शकतो.' ज्याला जमत नाही त्याला बेटावर नेत नाहीत, जहाजावरच बसवून ठेवतात. फॉर्म उद्या पाठवायचा होता.

"करून बघितल्याशिवाय मी खूण करणार नाही," ती म्हणाली होती. डाव्या गुडघ्याची वाटी बदलून दोन वर्षंही झाली नव्हती.

म्हणून रविवारी सकाळीच अमोलने नाशिकहून गाडी काढली आणि तिला सायखेड्याला गोदावरीच्या घाटावर आणलं. वाद घातला नाही. एकदा होडीत पाय टाकेल, घाबरेल, विषय आपोआप मिटेल, असा त्याचा हिशेब होता.

द्राक्षबागेत फवारणीला घालतात तसले गमबूट घालून ती पायरीवर उभी होती. तिथेही असलेच बूट देतात म्हणे.

"बाई, कुटं चालल्या म्हणायच्या?" बहिरूने विचारलं.

"दक्षिण ध्रुवाकडे."

"तिथं कोण हाय आपलं?"

"कुणी नाही. तिथे माणसं राहतच नाहीत. पक्षी आणि बर्फ."

बहिरूने जरा विचार केला. "मंग लय शांत असंल," तो म्हणाला आणि त्याने होडी पुन्हा पायरीला लावली.

दुसऱ्या वेळी ती पडली. पाय आत गेला, पण गुडघा वेळेवर वळला नाही आणि ती कुशीवर होडीच्या तळाला आदळली. अमोल चार पायऱ्या एका दमात उतरला. तिचं कोपर सोलवटलं होतं, साडीचा काठ पाण्यात भिजला होता. ती उठली नाही. तशीच बसून राहिली, फळीला हात लावून.

"झालं ना आता?" अमोलचा आवाज चढला. "इथे मी आहे. तिथे कोण उचलणार तुला?"

"तिथे कुणी उचलायचंच नाही. तेच लिहिलंय फॉर्मवर." तिने कोपरावर नदीचं पाणी घातलं. "पण पडले ते बरं झालं. कसं पडायला होतं ते कळलं. मी पाण्याकडे बघत होते."

बहिरू पुढे झाला. "बाई, तुमी पंजा देता. ओला पंजा सुटतो. मनगट द्या. मी तुमचं धरतो, तुमी माझं धरा. मंग एकाचं सुटलं तरी दुसऱ्याचं ऱ्हातं."

तो तिला बाहेर घेऊन आला आणि स्वतः होडीत जाऊन उभा राहिला. तिने त्याचं मनगट पकडलं, त्याने तिचं. तिने समोर, पलीकडच्या काठावरच्या बाभळींकडे नजर लावली, उजवा पाय टाकला, मग डावा उचलून आत घेतला आणि लगेच फळीवर बसली. होडी नुसती हलली.

अमोलला वाटलं, आता ती हसेल, त्याच्याकडे बघेल. ती बहिरूकडे वळून म्हणाली, "आता होडी हलवत ठेवा. समुद्र असा गप्प नसतो."

बहिरूने पाय फाकवून होडी डोलवायला सुरुवात केली. ती उतरली. चढली. पुन्हा उतरली. सहाव्या वेळी ती धापा टाकत थांबली आणि अमोलकडे बघून म्हणाली, "तू धर आता. खलाशी काही दर वेळी तोच नसणार."

त्याने होडीत उतरून हात पुढे केला. तिने तो बाजूला सारून त्याचं मनगट धरलं. तिची पकड इतकी घट्ट असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिचं वजन त्याच्या हातावर आलं, तितकंच गेलंही, आणि ती होडीत उभी होती. आपण तिला धरलं की तिने आपल्याला, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

उतरल्यावर ती पायरीवर बसली. पर्समधून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि अकराव्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली. मग एक काडी उचलून उजव्या बुटाच्या तळव्यातला चिखल ती रेघारेघांतून कोरून काढू लागली.

"ऱ्हाऊ द्या की बाई," बहिरू म्हणाला. "गोदामाईचीच माती हाय."

"तिथे चालत नाही. बेटावर उतरताना बूट धुऊन, घासून उतरायचं. आपल्याकडचं एक बीसुद्धा पेंग्विनांच्या वस्तीत जायला नको. आत्तापासून सवय करते."

उजवा बूट झाला. डाव्यासाठी ती वाकली, पण गुडघा तेवढा मुडपेना.

अमोल तिच्या खालच्या पायरीवर बसला. कडेची एक काडी मोडून घेतली आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "डावा इकडे दे."