वाफ्यातलं एक गुलाबी

माळ्याने हे काम धरलं ते एवढ्याचसाठी, की मालकांना बाग निव्वळ पांढऱ्या फुलांची हवी होती. तांबडं कुठलं, हिरवं कुठलं हे त्याला जन्मापासून उमगायचं नाही, फिकट गुलाबी तर थेट पांढरंच दिसायचं, आणि त्यापायी आधीच्या दोन बागांतून त्याला नारळ मिळाला होता. इथे गुलाब पांढरे, जाई पांढरी, शेवंतीसुद्धा पांढरी. चुकायला जागाच नव्हती.

मालक मात्र महातापट. "एक जरी रंगीत फूल आलं, तर गाठोडं बांधायचं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आज शेवंतीचा पहिला बहर. मालकांची नात धावत आली. "आजोबा, पांढऱ्यांत एक गुलाबी उगवलंय!"

माळी लगबगीने वाफ्याशी गेला. समोर शंभरेक फुलं, सगळी एका छापाची.

मालक वाफ्यावर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग नातीला पाणी आणायला आत पिटाळून माळ्यावर खेकसले, "बघतोस काय? उपट ते!"

माळ्याचा हात पुढे गेला आणि तिथेच अडला. "मालक, खोटं कशाला बोलू... मला रंग ओळखता येत नाहीत."

मालक मटकन बांधावर बसले.



"मग पोरीलाच परत हाक मार. अरे, मला ओळखता येत असते, तर मी पांढरीच बाग कशाला लावली असती?"