झारचा बारावा शिपाई

बाराव्या झग्याचा माणूस आलाच नाही, तेव्हा लारिसाने शिंप्यालाच पकडलं.

"बाबाजी, यल्ला, जल्दी. तुम पहनो."

बाबाजी उम्म अल कुवैनहून नाटकाचे बारा काळे झगे घेऊन शारजाच्या रशियन क्लबात आला होता. राहिलेली बटणं लावून तो परत निघणार होता. त्याने झगा डोक्यातून घातला, वर काळी टोपी चढवली. झगा खांद्यात जरा सैलच झाला.

लारिसा नाटक बसवणारी बाई. मोडक्यातोडक्या हिंदीत तिने भराभर समजावलं. हे बारा जण म्हणजे झारची खासगी फौज. खोगिराला कुत्र्याचं मुंडकं आणि झाडू बांधून ते गावात शिरत, आणि मागे गाव उरत नसे. फौजेत येताना शपथ घ्यायची, झारशिवाय आपलं कुणी नाही. आईबापाबरोबर जेवायचंसुद्धा नाही.

"माँ के साथ भी नहीं?" बाबाजीने विचारलं.

"माँ के साथ भी नहीं. बुढ़िया ब्रेड लाएगी. तुम नहीं लेना. मुँह उधर. खलास."

बोलायचं काहीच नव्हतं, ते बरं होतं. गेला महिनाभर तो तसाही कुणाशी फारसं बोलला नव्हता. गावाहून भावाचा फोन आला, तोवर आईला जाऊन चार दिवस झाले होते. फोन ठेवून तो पुन्हा मशीनवर बसला होता.

पडदा उघडला. झार सिंहासनावरून गरजला. अकरा जण गुडघ्यांवर बसले, त्यांचं बघून बाबाजीही बसला. शपथ झाली. मग डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी थाळीत पाव घेऊन आली. आपला मुलगा शोधत ती एकेकापुढे थांबायची आणि तो तोंड फिरवायचा.

ती बाबाजीपुढे आली. काहीतरी बोलली. त्याला शब्द कळले नाहीत. विंगेतून लारिसा मान फिरवायची खूण करत होती. ती त्याला स्पष्ट दिसत होती.

त्याने पाव उचलला. तुकडा मोडून तोंडात घातला.

झार पुढचं वाक्य विसरला. म्हातारी क्षणभर गोंधळली. मग तिने त्याच्या डोक्यावरची काळी टोपी हळूच मागे सारली, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत थाळी धरून तिथेच उभी राहिली.