आत्याने वाटलेल्या प्रती

चर्चच्या गायन-महोत्सवाचे चित्रीकरण फेलेती आणि मोसेसे या सख्ख्या भावांनी दोन बाजूंनी केले आणि टोंगाची राजधानी नुकुअलोफाच्या बाजारात दोघांनीही आपापल्या डीव्हीडी विक्रीस मांडल्या. त्यांची आत्या लुपे हिने फेलेतीच्या डीव्हीडीच्या प्रती काढून थेट ऑकलंडपर्यंतच्या नातेवाइकांना फुकट वाटल्याचे कळताच मोसेसे तडक तिच्या घरी गेला. ती ओसरीवर चटई विणत बसली होती.

"आत्या, मालकाच्या परवानगीशिवाय प्रत विकली काय अन् फुकट वाटली काय, कायद्यानं दोन्ही गुन्हेच!"

"या, वकीलसाहेब! अरे, मी तुमच्या बापाची बहीण. भावाच्या घरातलं डुक्कर सोडून नेलं तरी सबंध टोंगात मला कोणी अडवणार नाही, आणि या तबकडीला परवानगी? फेलेतीनं पाठवलंय का तुला?"

"तो कशाला पाठवतोय! तो गावभर मिरवतोय. 'काय सुंदर टिपलंयस' म्हणून ऑकलंडहून रोज फोन येतायत त्याला."

"मग तुझ्या का पोटात दुखतंय? तुझ्या डीव्हीडीला तर मी हातसुद्धा लावला नाही."

मोसेसे पायरीवर बसला.



"तेच विचारायला आलोय, आत्या. माझी का नाही वाटलीस?"